धर्मवीराची सुधारित कलमे

विमा कंपनीत नोकरी केलेल्या माणसाने देवाच्या योद्ध्याचे नियम लिहिले, तर ते कसे होतील हे आम्हा बँकवाल्यांना सांगायला नको. अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स या गृहस्थांनी 1974 साली एका जोडीदाराबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. टेबलाभोवती बसायचं, एकेक सोंग घ्यायचं, वीस बाजूंचे फासे टाकायचे आणि तासन्‌तास बोलायचं. (आमच्या शाखेत हेच फाशांशिवाय चालतं.) 1975 मध्ये त्यात पॅलॅडिन आला. पॅलॅडिन म्हणजे धर्मवीर. नुसत्या हाताच्या स्पर्शाने रोग बरे करणारा! पण 1978 च्या पुस्तकातल्या अटी पाहा: मिळकतीचा दहावा हिस्सा ताबडतोब दान, जादूच्या वस्तू दहापेक्षा जास्त नकोत, आणि जाणूनबुजून एक पाप केलं की शक्ती कायमच्या बंद. इतकं कडक तारण आम्हीसुद्धा मागत नाही.

पुढे सवलती आल्या. 2008 साली कुठल्याही वृत्तीच्या देवाचा वीर चालू लागला. 2014 ला शपथ महत्त्वाची ठरली. 2024 ला मात्र त्याचा तो प्रसिद्ध दैवी तडाखा एका पाळीत एकदाच, असा लगाम बसला. दान कधीच गळालं होतं. म्हणजे कर्जमर्यादा शाबूत आणि हप्ता माफ!

बारामतीला शिकणारा माझा भाचा आणि त्याचं टोळकं याच वीराच्या शक्ती नव्याने लिहीत होते. तडाखा किती, घोडा केव्हा, यावरच हमरीतुमरी. मी म्हटलं, “अरे, इंदापूर इथून किती लांब? मालोजीराजे तिथेच लढाईत पडले ना?”

मालोजी भोसले निजामशाहीचे सरदार. त्यांनी वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला. आणि नगरच्या शाहशरीफ पिराच्या नवसाने झाली म्हणून मुलांची नावं ठेवली शहाजी आणि शरीफजी, असं सांगतात. 1978 च्या पुस्तकाने या माणसाला कुठल्या रकान्यात बसवलं असतं? शिखर शिंगणापूरला यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल, म्हणून राजांनी तिथे तळं बांधलं.

“मामा, तळ्याने राक्षस मरतो का?” एकाने विचारलं. तो कालव्याकाठचा, बागायती घरातला. जिरायती गावचा दुसरा मुलगा मात्र काही न बोलता वही ओढून लिहायला लागला. कलम पहिले: तळं पुरं झाल्याशिवाय धर्मवीरास घोडा मिळणार नाही.