तोंडाला बांधलेला रुमाल

पांढरकवड्याचा परिसर म्हणजे कापसाचा मुलूख. हैदराबादच्या रस्त्याने निघा, दोन्ही अंगांना पऱ्हाटी दिसेल. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात ती कित्येक शिवारांत माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. फवारणी करणाऱ्याला नळी तोंडासमोर धरावी लागे. त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो रुग्णालयात गेले.

तेव्हा एक प्रश्न वारंवार विचारला गेला. यांनी मास्क, हातमोजे का घातले नाहीत? म्हणजे दोष स्वभावाचा, माणूस बेफिकीर!

स्वभावाचा आणि आयुष्याचा संबंध आहे, हे खोटे नाही. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार हुशार मुलांची पाहणी सुरू केली. पुढे १९९३ मध्ये दिसून आले, की लहानपणी नेटकी आणि जबाबदार असलेली मुले सरासरीने अधिक जगली. पण त्यांच्यापैकी कितीजणांच्या पाठीवर गळका पंप होता?

जरा त्या मजुराच्या जागी उभे राहून पाहा. उकाड्यात जाड मास्क लावला की श्वास कोंडतो, म्हणून तो तोंडाला रुमाल बांधतो. रुमाल औषधाने भिजतो, आणि भिजलेला रुमाल रक्षण करण्याऐवजी विष नाकाशी धरून ठेवतो. सदराही भिजतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे कातडीतूनही शरीरात शिरतात. मळमळ, घाम, धूसर दिसणे हे कधी काही तासांनी सुरू होते. काल काही झाले नाही, परवाही नाही. मग आज होईल असे मनाला का वाटावे? निखाऱ्याला हात लागला की बोट लगेच मागे येते. इथे तसा चटका नाही. त्यात मजुरी पंपांच्या संख्येवर ठरली असेल, तर मध्येच थांबून अंग धुणाऱ्याची कमाई घटते. मला तर हा माणूस बेफिकीर नव्हे, हिशेबी वाटतो.

त्या साली चर्चेत आलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉसही होते. श्रीलंकेने त्याला १९९५ मध्येच मनाई केली होती. आपल्याकडे २००५ मध्ये मनाई झाली ती फक्त भाजीपाल्यावर वापरायला. कपाशीवर ते चालूच राहिले.