माळवदाचा गारवा, माळवदाचे ओझे

गंगाखेडहून लोह्याकडे जाताना वाटेत पालम लागते. गोदावरीच्या खोऱ्यातला हा काळ्या मातीचा मुलूख. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. वीज खेडोपाडी पोचण्याआधी हे ऊन इथल्या माणसांनी सोसले ते घराच्या बांधणीवर. ती बांधणी म्हणजे माळवद, म्हणजेच धाब्याचे घर. ती का टिकली आणि का मोडली, हा मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाचा एक दुर्लक्षित धडा आहे.

जुन्या गावव्यवहारात जमिनीचे दोन भाग असत. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. घराला काळी माती चालत नसे. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. पांढरी मात्र शतकानुशतकांच्या वस्तीची, राखेची, पडक्या भिंतींची माती. ती दाबली की घट्ट बसते. तेरसारख्या प्राचीन नगरीचे अवशेष अशाच पांढरीच्या टेकाडांत सापडले. जुन्या वस्तीची माती नव्या वस्तीच्या डोक्यावर चढे, ती अशी.

दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर कड्या, फळ्या किंवा काटक्या आणि सर्वांत वर पांढरीचा जाड थर. दुपारचे ऊन या थरातून आत झिरपायला कित्येक तास लागत. ते आत पोचेपर्यंत दिवस मावळलेला असे आणि माणसे अंगणात नाहीतर माळवदावर अंथरूण टाकून पडलेली असत. छताला ठेवलेल्या साण्यातून उजेड येई आणि चढलेली गरम हवा बाहेर जाई. घर आणि दिनक्रम एकमेकांना असे जुळलेले होते.

हे सुख सर्वांना सारखे नव्हते. खांब-तुळयांचे लाकूड ज्याला परवडे, त्याचेच माळवद. मजुरांच्या वाट्याला तुराट्यांचा कूड आणि गवता-पाचटाचे छप्पर येई. ते आगीला भीत असे आणि दर दोन-चार वर्षांनी शाकारावे लागे. पण त्यातून हवा खेळे आणि खर्च जवळजवळ श्रमांचाच असे.

माळवदाचा दोष त्याच्या गुणातच होता. पावसाळ्यापूर्वी छत गळू नये म्हणून दरवर्षी नवी माती टाकायची, चोपायची. जुनी मात्र कोणी काढायचे नाही. थर फूट-दोन फुटांवर जाई. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साधारण साडेचार टन वजन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या, आडवे सांधे नसलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि हे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. काही घरांत लाकडी सांगाडा मात्र तग धरून उभा राहिला.

तज्ज्ञांनी तेव्हा सांगितले होते की छतावरची जादा माती उतरवा, भिंतींत जोडदगड घाला, खांब-तुळयांचे सांधे आवळा. लोकांच्या मनात मात्र एकच गोष्ट बसली, माळवद मारते. लाकूड महागले होतेच, दरवर्षी माती टाकायला हातही उरले नव्हते. पत्रा हलका, स्वस्त आणि एका दिवसात चढणारा. भीती गेली, झळ आली. पत्रा ऊन काही मिनिटांत खाली सोडतो. चार-पाच इंची स्लॅब दिवसभर तापून रात्री, नेमके आपण त्याखाली झोपलेले असताना, उष्णता सोडतो.

म्हणून माळवद परत आणा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्याच्या गारव्याचा हिशेब मांडला, तर जड गोष्ट एकच होती, माती. बाकी सारे हलके आणि स्वस्त आहे. पांढरा रंग ऊन परतवतो. स्लॅबवर चुन्याचे दोन हात हे त्याचेच रूप. पत्र्याखाली हातभर पोकळी सोडून बांबूची ताटी बांधली, तर झळ अडते. चूल मात्र तिच्यापासून दूर हवी. वरच्या बाजूला झरोका ठेवला, तर साण्याचे काम होते. दुपारी दारे-खिडक्या बंद आणि रात्री उघड्या, हा नियम तर फुकटचा. अहमदाबादने २०१३ साली उष्मा कृती आराखडा आखला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी रंगवायला घेतली. तीच युक्ती आपल्या आज्या दिवाळीआधी पांढऱ्या मातीने भिंती सारवताना वापरत होत्या.

किल्लारीने ओझे टाकायला शिकवले, ते योग्यच झाले. ओझ्याबरोबर शहाणपणही टाकून दिले, ती चूक आपली. पत्र्याखाली दुपार काढणाऱ्या घरातली बाळंतीण आणि म्हातारी माणसे तिची किंमत दर उन्हाळ्यात मोजत आहेत.