वातरक्ताचे पथ्य आणि डाळीवरचा आळ

इंदूरला सुदामा नगरात माझी आक्का राहते. गेल्या पौषात तिच्याकडे गेलो तेव्हा दाजी उशीवर पाय ठेवून बसले होते. उजव्या अंगठ्याचा सांधा लालबुंद. पांघरुणाचा पदर लागला तरी कळ मस्तकात जाई. जेवायला बसलो तर आमच्या ताटांत आमटी, दाजींच्या ताटात नुसता भात आणि दुधी. तूर, मूग, मसूर चार वर्षे बंद. "चरकानंच सांगितलंय, मास्तर," दाजी म्हणाले. सकाळी पोह्यांसोबत जिलेबी मात्र इंदूरच्या रीतीप्रमाणे चालू होती. चार वर्षांत माणूस वाळला होता आणि दुखणे मात्र वर्षातून दोन-तीनदा हजेरी लावून जात होते.

जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे 'अमक्याने सांगितले' असे कुणी म्हटले की मूळ कागद पाहण्याची मला खोड आहे. आक्काचे सासरे वैद्य होते. त्यांची चरकसंहिता कपाटात होतीच. चिकित्सास्थानाचा २९ वा अध्याय वातरक्ताचा. या रोगाला तिथे 'आढ्यवात' असेही नाव आहे. आढ्य म्हणजे धनवान. कारणांच्या यादीत खारट, आंबट, तिखट, पाणथळ प्राण्यांचे मांस, उडीद, कुळीथ, दही, मद्य हे सारे येते. पण पथ्याच्या भागात आलो आणि थबकलो. तूर, हरभरा, मूग, मसूर, मटकी यांचे कढण, तेही भरपूर तूप घालून, वातरक्तात प्रशस्त म्हटले आहे! दाजींनी चष्मा पुसून दोनदा वाचले.

मग डाळीवर आळ घेतला कुणी? माग काढत गेले की वाट इंदूरहून थेट लंडनला जाते. १७७६ साली शेले या रसायनशास्त्रज्ञाला मुतखड्यात युरिक आम्ल सापडले. १८४८ साली आल्फ्रेड गॅरड यांनी तेच आम्ल वातरक्ताच्या रोग्याच्या रक्तात वाढलेले दाखवले. इथपर्यंत भक्कम शास्त्र. पुढे १८९२ साली अलेक्झांडर हेग या लंडनच्या डॉक्टरांनी डोकेदुखीपासून संधिवातापर्यंत बहुतेक दुखण्यांचे खापर युरिक आम्लावर फोडणारे जाडजूड पुस्तक लिहिले आणि मांसाबरोबर डाळी, चहा, कॉफीही वर्ज्य ठरवली. गांधीजींनी १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन'मध्ये आरोग्यावर गुजराती लेखमाला लिहिली. तीत डाळींविरुद्ध याच हेग यांचा दाखला आहे. कस्तुरबांच्या आजारपणात त्यांना मीठ आणि डाळ सोडायला गांधीजींनी सांगितले, "तुम्हाला तरी सोडवेल का?" असे त्या म्हणाल्या आणि गांधीजींनी तिथल्या तिथे वर्षभराचा नेम केला, ही आत्मकथेतली हकीकत अनेकांना ठाऊक असेल. आपल्याकडे डाळबंदी शिरली ती याच एका वाटेने असे मी म्हणणार नाही. पण ती चरकाच्या दारातून आलेली नाही, एवढे नक्की.

आजचे संशोधन काय सांगते? अमेरिकेत ४७,१५० पुरुषांची बारा वर्षे पाहणी झाली. २००४ साली तिचे निष्कर्ष आले. मांस आणि मासळी यांनी धोका वाढला, दुधाच्या पदार्थांनी घटला, प्युरिन अधिक असलेल्या भाज्यांशी मात्र संबंध दिसला नाही. २००८ साली त्याच पाहणीतून साखरेच्या शीतपेयांवर आणि फ्रुक्टोजवर बोट ठेवले गेले. जिलेबीच्या पाकातली साखर म्हणजे निम्मे फ्रुक्टोजच.

दाजींच्या अंगणातल्या कडुनिंबावर गुळवेल चढली आहे. तिचा काढा रोज चाले. वातरक्तात गुळवेलीला मोठा मान आहे खरा. पण २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले की तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. वाद कुणाचा खरा ते तज्ज्ञ ठरवोत. दाजींच्या वेलीची पारख कुणीच केली नव्हती, हे मला अधिक खटकले.

खरी चूक निराळीच निघाली. डॉक्टरांनी दिलेली ॲलोप्युरिनॉलची गोळी दाजींनी कळ थांबताच सोडली होती. हे औषध १९६६ पासून वापरात आहे; ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चे नोबेल मिळाले. शरीरातले सुमारे दोन-तृतीयांश युरिक आम्ल शरीर स्वतःच तयार करते. ताटातून येणारे उरलेले एक-तृतीयांश. मग नुसत्या पथ्याने किती उतरणार? "हे मला आधी कुणी सांगितलं नाही," दाजी पुटपुटले. आक्का म्हणाली, "सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाही."

दोन दिवसांनी दाजी डॉक्टरांकडे जाऊन आले. गोळी पुन्हा सुरू करायची, रक्त तपासत राहायचे, काढा बंद. त्या रात्री आक्काने तुरीचे वरण केले, वर तुपाची धार. दाजी बराच वेळ न बोलता जेवत होते.

सकाळी चरकाची पोथी पुन्हा उघडली गेली. हा रोग बहुधा कुणाला होतो, तर सुकुमार, मिष्टान्न खाऊन सुखात राहणाऱ्या, हिंडण्या-फिरण्याची सवय नसलेल्यांना, असे तिथे आहे. पोहे आले होते. जिलेबीचा पुडा अजून बांधलेलाच होता. दाजींनी 'मिष्टान्न' शब्दावर बोट ठेवले.

"मास्तर, इथे एखादा पाठभेद नसेल का हो?"