अर्धशिशी, ऋतुकालीन

पाळीच्या चक्राला बांधलेली डोकेदुखी. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ च्या आवृत्तीनुसार स्रावाचा पहिला दिवस, त्याआधीचे दोन आणि नंतरचे दोन अशा पाच दिवसांत, तीनपैकी किमान दोन पाळ्यांना अर्धशिशी उठली तर हे नाव देतात. इतक्या बायकांना छळणारा हा विकार त्या वर्गीकरणात अजून परिशिष्टातच आहे.

मराठी घरांत याला बहुधा ‘पित्त’ म्हणतात. कडू पाणी उलटून पडले की डोके जरा उतरते, म्हणून खापर पित्तावर. कपाळाला ओढणी आवळून, खिडक्या लावून पडलेल्या बाईला काल काय खाल्लेस हे सगळे विचारतात. पाळीची तारीख क्वचितच कोणी विचारते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात एकूणच अर्धशिशीला ‘अर्धावभेदक’ म्हटले आहे.

कारणमीमांसा : वयात येण्यापूर्वी मुलगे व मुली यांच्यात अर्धशिशीचे प्रमाण जवळपास सारखे असते, पुढे ते स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते. दोष इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनचा, हे त्यावरून वाटलेच होते. पण वाढलेल्या इस्ट्रोजेनचा की उतरलेल्या? ऑस्ट्रेलियन चेताविशारद ब्रायन सॉमरव्हिल यांनी याची उकल फार सोप्या युक्तीने केली. पाळीच्या तोंडावर त्यांनी मोजक्या रुग्णांना प्रोजेस्टेरॉन हे दुसरे स्त्री-हॉर्मोन दिले (१९७१). पाळी लांबली, पण डोके नेहमीच्या वेळेलाच दुखले. मग इस्ट्रॅडिओल या इस्ट्रोजेनचे इंजेक्शन दिले (१९७२). आता पाळी वेळेवर आली आणि अर्धशिशी काही दिवस पुढे गेली. औषधाचा अंमल ओसरला तेव्हा उठली. म्हणजे काही दिवस चढे राहिलेले इस्ट्रोजेन घसरले की डोके धरते. प्रयोग अगदी लहान होते, तरी पुढचा बहुतेक विचार त्यांच्याच पायावर उभा आहे. या घसरणीने मेंदूत नेमके काय बिनसते, यावर एकमत नाही. स्रावाच्या वेळी वाढणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनांचाही वाटा मानला जातो.

गर्भनिरोधक गोळ्या : ‘माला-डी’च्या पाकिटात २१ गोळ्या हॉर्मोनांच्या आणि ७ लोहाच्या असतात. लोहाच्या आठवड्यात बाहेरचे इस्ट्रोजेन तुटते आणि काहींचे डोके नेमके तेव्हाच ठणकते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी, लखलखत्या रेषा दिसत असतील, तर इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या घेऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. पक्षाघाताचा धोका वाढतो. ‘छाया’ ही आठवड्याची गर्भनिरोधक गोळी मात्र हॉर्मोनविरहित आहे.

गर्भारपण : चौथ्या महिन्यापासून अनेकींना आराम पडतो, बाळंतपणानंतर दुखणे परतते.

रजोनिवृत्ती : पाळी जाण्याआधीची काही वर्षे इस्ट्रोजेन वरखाली होत राहते, तेव्हा त्रास वाढतो, नैसर्गिकपणे पाळी थांबली की बहुधा निवळतो. बीजांडकोश काढलेल्यांचे मात्र अनेकदा उलट होते.

उपचार : आधी तीन महिने कॅलेंडरवर दोन खुणा : पाळीची एक, डोक्याची एक. त्या जुळल्या आणि पाळी नियमित असली, तर त्या पाच-सहा दिवसांपुरते नेप्रोक्सेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड आधीच सुरू करता येते. अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान गटातील दीर्घकाळ टिकणारी औषधेही अशीच देतात. साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, ट्रिप्टाने १० किंवा अधिक दिवस असे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागू शकते.