कॉम्प्युटर की अर्थशास्त्र? आपल्या जिल्ह्याचा शंभर वर्षांचा अनुभव बघा

बारावीचा निकाल लागला की यवत-केडगाव-पाटस पट्ट्यात घरोघरी हाच वाद. कॉम्प्युटर घेतलं तर पोरगं हुशार, अर्थशास्त्र घेतलं तर "मार्क कमी पडले का?" आणि दोन्ही शिकतो म्हणालं, तर एक ना धड भाराभर चिंध्या!

मंडळी, जरा इतिहास बघू.

हॅरॉल्ड मान हे पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य. मूळचे रसायनशास्त्रज्ञ. पण माती तपासून ते थांबले नाहीत. गावातल्या जमिनीचे तुकडे, घरटी उत्पन्न, डोक्यावरचं कर्ज, सगळं मोजून काढलं. पहिलं गाव पिंपळे सौदागर, अहवाल १९१७ चा. दुसरं आपल्या शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक, कानिटकरांसोबत, १९२१ चा. बहुतेक घरांचं नुसत्या शेतीवर भागत नाही, हे आकड्यांत मांडलं गेलं.

पुढे १९३० ला पुण्यात गोखले संस्था उभी राहिली, धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक. तिथलेच वि. म. दांडेकर शिकले होते संख्याशास्त्र. त्यांनी नीलकंठ रथांसोबत १९७१ ला देशाची गरिबी मोजली. १९६०-६१ च्या भावानं खेड्यात माणशी महिना १५ रुपये, ही त्यांची रेषा. आकडेमोड आणि अर्थशास्त्र एका डोक्यात होतं म्हणून हे जमलं.

आता नियमही आडवे येत नाहीत. नवं शैक्षणिक धोरण २०२० चं. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात डबल मेजरची सोय आहे. दुसऱ्या विषयाचे किमान ४० टक्के क्रेडिट मिळवावे लागतात. मात्र कागदावरची सोय प्रत्येक कॉलेजात असतेच असं नाही. प्रवेशाआधी तिथं जाऊन विचारा, दोन्ही विषयांचे तास जुळतात का तेही बघा.

हे आपल्याला कशाला? सातबारा ऑनलाइन झाला, पीक पाहणी मोबाईलवर आली. ॲप बनवणाऱ्याला उसाचा हिशोब कळंना आणि हिशोब कळणाऱ्याला ॲप कळंना, तर भुर्दंड शेतकऱ्यालाच.

मानसाहेबांनी जिथं कर्ज मोजलं त्या पिंपळे सौदागरात आज हिंजवडीला जाणारे इंजिनिअर राहतात. तिथं पोचायला आपली पोरं धडपडतातच, धडपडू द्या. पण जातेगावचा हिशोब मांडणारंही कुणीतरी आपल्यातलंच हवं. तेव्हा पोरानं दोन्ही विषय मागितले, तर त्याला चिंध्यांची म्हण ऐकवू नका.