एक-शून्यचं ओझं

क्रिकेट बघून वाढलेल्या माणसाला एक गोष्ट पचायला जरा जड जाते. फायनल म्हणजे एकच मॅच, एकच दिवस, जिंकलो किंवा हरलो, विषय संपला. मेक्सिकोच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये तसं नसतं. तिथे फायनल दोन वेळा खेळतात. एक मॅच याच्या घरी, दुसरी त्याच्या घरी, साधारण तीन-चार दिवसांच्या अंतराने, आणि दोन्हींचे गोल एकत्र मोजायचे. म्हणजे खरं तर ती १८० मिनिटांची एकच मॅच असते, फक्त मध्यंतर तीन दिवसांचं!

या मध्यंतरात काय होतं, हा माझा गेल्या काही शनिवार-रविवारचा उद्योग. त्यातही एका क्लबच्या फायनली मी पुन्हापुन्हा बघत बसलो. क्रूस असूल. शब्दशः अर्थ 'निळा क्रॉस'.

आधी थोडी ओळख. हा क्लब १९२७ साली हिदाल्गो राज्यातल्या हास्सो नावाच्या गावात, सिमेंटच्या कारखान्यात सुरू झाला. पुढे १९३० च्या दशकात तो कारखाना कामगारांनीच सहकारी तत्त्वावर चालवायला घेतला. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याचं हायस्कूल असतं, इंजिनिअरिंग कॉलेज असतं, तसा तिथल्या सहकारी सिमेंट कारखान्याचा फुटबॉल क्लब. टोपणनाव 'ला माकिना', म्हणजे यंत्र. आणि यंत्र खरंच जोरात होतं. १९६९ ते १९८० या काळात सात वेळा लीग जिंकली, त्यात १९७२ ते १९७४ सलग तीन. १९७२ ची फायनल तर राजधानीतल्या आस्तेका स्टेडियमवर, क्लब अमेरिकाला ४-१ हाणून. (अमेरिका हे इथे क्लबचं नाव आहे, देशाशी संबंध नाही. हा क्लब श्रीमंत, २०२४ पर्यंत तेलेविसा या बलाढ्य टीव्ही कंपनीचा असलेला, आणि इतरांनी आपला द्वेष करावा यात अभिमान बाळगणारा.)

मग १७ वर्षं काहीच नाही. १९८९ च्या फायनलमध्ये तर याच अमेरिकाने दोन मॅच मिळून ५-४ असं हरवलं. आठवं विजेतेपद आलं ते डिसेंबर १९९७ मध्ये, लिओनविरुद्ध. पहिली मॅच क्रूस असूलने घरी १-० जिंकली. दुसऱ्या मॅचमध्ये लिओनने एक गोल करून बरोबरी साधली आणि प्रकरण जादा वेळेत गेलं. तेव्हा 'गोल्डन गोल'चा नियम होता, पहिला गोल करेल तो जिंकला. लिओनचा गोलकीपर आंखेल कोमिस्सोने पेनल्टी बॉक्समध्ये कार्लोस एर्मोसियोच्या तोंडावर लाथ मारली. पेनल्टी मिळाली. रक्ताळलेल्या चेहऱ्यानेच एर्मोसियोने ती मारली, आत गेली, खेळ खल्लास. १-० आणि १-१. एकूण २-१.

हे आकडे जरा लक्षात ठेवा.

त्यानंतरच्या साडेतेवीस वर्षांत या क्लबने लीगच्या सहा फायनल हरल्या. १९९९, २००८ मध्ये दोन (वर्षात दोन स्पर्धा होतात, त्यामुळे एकाच वर्षात दोनदा रडता येतं), २००९, २०१३ आणि २०१८. मधल्या मध्ये २००१ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कोपा लिबेर्तादोरेसची फायनलही. तिथे ब्वेनोस आइरेसला जाऊन बोका ज्युनिअर्सला त्यांच्याच मैदानात १-० हरवलं, पण घरची मॅच ०-१ गमावलेली असल्याने पेनल्टी आल्या आणि तिथे गेले. हे इतकं झालं की स्पॅनिशमध्ये एक क्रियापदच तयार झालं, 'क्रूसासुलेआर'. अर्थ: जिंकत आलेलं शेवटच्या क्षणी घालवणं. परीक्षेपासून प्रेमप्रकरणापर्यंत कुठेही वापरतात म्हणे. एखाद्या क्लबच्या नावाचं क्रियापद व्हावं आणि तेही असं.. समर्थकांचं काय होत असेल विचार करा.

तर आता २६ मे २०१३.

समोर पुन्हा अमेरिका. तीन दिवसांपूर्वीची पहिली मॅच क्रूस असूलने आपल्या घरी, एस्तादियो असूलवर, क्रिस्टियान हिमेनेसच्या गोलवर १-० जिंकलेली. हो, तेच १-०. परतीची मॅच आस्तेकावर. समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंचीवरचं अवाढव्य स्टेडियम, खच्चून भरलेलं, आणि वरून धो धो पाऊस. चौदाव्या मिनिटाला अमेरिकाच्या हेसुस मोलिनाला रेड कार्ड. अमेरिका दहा जणांवर. विसाव्या मिनिटाला क्रूस असूलच्या तेओफिलो गुतिएर्रेसने गोल मारला. एकूण २-०, समोर एक माणूस कमी, आणि ७० मिनिटं बाकी.

इथे तुम्ही कोच असता तर काय केलं असतं? मी प्रामाणिकपणे सांगतो, मी तेच केलं असतं जे क्रूस असूलने केलं. सांभाळून खेळलो असतो. आणि हे सांभाळणं जमतही होतं! ८८ मिनिटं जमलं. गोची ही, की दोन मॅचच्या हिशोबात आघाडी ही मिळवायची गोष्ट न राहता राखायची गोष्ट होऊन बसते. एका मॅचच्या फायनलमध्ये दोन्ही संघ शून्यावर सुरू करतात. इथे एक संघ मैदानात उतरतानाच हातात काहीतरी घेऊन उतरतो, आणि त्याचं अर्धं लक्ष ते सांडू नये याकडेच असतं. दुसऱ्याचे दोन्ही हात रिकामे.

नव्वद मिनिटं भरत आली असताना कॉर्नरवर आकिवाल्दो मोस्केराने हेडर मारला. २-१. तरी अजून एक गोल हवाच होता. जादा वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला पुन्हा कॉर्नर, आणि अमेरिकाचा गोलकीपर मोइसेस मुन्योस आपलं गोल मोकळं टाकून अख्खं मैदान पळत समोरच्या बॉक्समध्ये आला. असं गोलकीपर येतात अधूनमधून, हताशपणे. गर्दीत एक डोकं वाढतं, बाकी काही होत नाही. मुन्योसने झेप घेऊन हेडर मारला. चेंडू क्रूस असूलच्या आलेहान्द्रो कास्त्रो नावाच्या खेळाडूला लागला, दिशा बदलली, आणि आत. २-२.

तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल याचा हिशोब नाही. गोलकीपरने गोल मारला याचं सगळ्यांना अप्रूप, ते ठीकच. माझी नजर मात्र दरवेळी कास्त्रोवर जाते. तो जिथे असायला हवा होता तिथेच होता. चूक काही नाही. चेंडूच त्याला येऊन लागला.

पुढे जादा अर्धा तास, गोल नाही. मेक्सिकोत फायनलला 'परक्या मैदानावरचे गोल' वगैरे भानगड लागू नव्हती, त्यामुळे सरळ पेनल्टी. क्रूस असूलच्या हावियेर ओरोस्कोची मुन्योसने अडवली. आणि मग पेनल्टी मारायला कोण यावं? कास्त्रो. ओल्या गवतावर त्याचा पाय घसरला आणि चेंडू वर उडून गेला. शेवटची पेनल्टी अमेरिकाच्या मिगेल लायूनने मारली, ४-२, कप अमेरिकाला. भिजलेल्या सुटात बेभान नाचणारा त्यांचा कोच मिगेल एर्रेरा त्या रात्री प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्रीय संघाचा कोच झाला.

लायूनची एक गंमत सांगतो. त्या आधी हा माणूस स्वतःच्याच समर्थकांचा नावडता होता. ट्विटरवर 'सगळी चूक लायूनची' अशा अर्थाचा हॅशटॅग चालायचा. ट्रॅफिक जॅम झाला, लायूनची चूक. पाऊस पडला, लायूनची चूक. त्या रात्री हे ओझं एका माणसाच्या पाठीवरून उतरलं आणि मैदानाच्या दुसऱ्या बाजूच्या माणसाच्या पाठीवर गेलं.

आमच्या धंद्यात सिस्टिम बसली की दुसऱ्या दिवशी 'रूट कॉज' शोधायची मीटिंग होते. पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतोच, "अमक्याने चुकीची कमांड मारली." सगळ्यांना हायसं वाटतं. नाव मिळालं, मीटिंग संपली. मग कुणीतरी खडूस सिनियर विचारतो, की एका माणसाच्या एका कमांडने अख्खी सिस्टिम बसते, म्हणजे त्या आधी किती गोष्टी बिघडलेल्या होत्या? कास्त्रो ही ती शेवटची कमांड. ७० मिनिटं एक माणूस जास्त असताना तिसरा गोल का झाला नाही, हा प्रश्न 'क्रूसासुलेआर' या एका शब्दाखाली गाडला गेला. शाप म्हटलं की विचार करायचं काम उरत नाही.

आणि शापाचं म्हणाल तर आकडे नीट बघा. २००८ च्या दुसऱ्या फायनलमध्ये हाच क्लब तोलुकाविरुद्ध घरी ०-२ हरला आणि तोलुकात जाऊन २-० जिंकला. म्हणजे मुन्योसच्या टीमने केलं तसलंच पुनरागमन यांनी स्वतः केलेलं. हरले ते पेनल्टीवर. २०१३ च्याच एप्रिलमध्ये कोपा एमएक्सची फायनल यांनी अटलांटेविरुद्ध पेनल्टीवरच जिंकली होती. त्या पेनल्टी कुणाला आठवत नाहीत. उलट २००९ मध्ये मोंतेर्रेविरुद्ध ३-१ पुढे असताना पहिली मॅच ३-४ हरले, ती बरोबर आठवते, कारण ती गोष्टीत फिट बसते.

अर्थात गोष्ट पण चिवट असते, आणि खेळाडू ती वाचतात. डिसेंबर २०२० मध्ये सेमी-फायनलची पहिली मॅच क्रूस असूलने पुमासविरुद्ध ४-० जिंकली. चार! दुसरी ०-४ हरले, आणि टेबलमध्ये वर असल्यामुळे पुमास फायनलला गेले. इथे माझी रूट कॉजची थिअरीही थोडी डळमळते, मान्य आहे. चार गोलांचं ओझं घेऊन उतरलेल्या माणसाला २०१३ आठवत नसेल असं कसं म्हणणार?

त्यानंतर कोच बदलला. नवा कोच हुआन रेनोसो, पेरूचा. १९९७ मध्ये लिओनला हरवणाऱ्या संघात हा बचावपटू होता.

मे २०२१ ची फायनल, समोर सांतोस. पहिली मॅच परक्या मैदानावर, लुईस रोमोचा गोल, १-०. परत तेच १-०! त्या तीन दिवसांत मेक्सिको सिटीत काय वातावरण असेल, कल्पनाच केलेली बरी. ३० मे, पुन्हा आस्तेका, साथीमुळे मोजकेच प्रेक्षक. पूर्वार्धात सांतोसच्या दिएगो वाल्देसने गोल मारला आणि १-० चं पुण्य संपलं, हिशोब १-१. हातातलं सांडलं म्हणा ना. पण यावेळी ते अर्धी मॅच शिल्लक असताना सांडलं, आणि दोन्ही हात मोकळे झाले. उत्तरार्ध सुरू झाल्यावर थोड्याच वेळात योनाथान रोद्रिगेसने गोल केला. मग बाकीचा वेळ, परत सांभाळणं.

१-० आणि १-१. एकूण २-१. १९९७ सारखंच, आकड्याला आकडा.

गोलमध्ये उभा होता हेसुस कोरोना. (साथीच्या वर्षात हे आडनाव घेऊन फिरणं काय असेल ते त्यालाच माहीत.) २०१३ मध्ये मुन्योसचा हेडर ज्याच्या गोलात गेला तो गोलकीपर हाच, २०१८ मध्ये अमेरिकाच्या एदसोन आल्वारेसचे दोन्ही गोल खाल्ले तोही हाच. आता तो ४० वर्षांचा होता. शेवटची शिट्टी वाजली, आणि कॅप्टन म्हणून कप उचलायला तोच पुढे गेला.