गोसीखुर्दचा कालवा : टेंडरपासून धानाच्या बांधीपर्यंत, शेतकऱ्याला माहीत असाव्यात अशा गोष्टी

पवनी : धरण आपल्या तालुक्यात, कालवाही आपल्या तालुक्यात, पण रोवण्याच्या वेळी टेलवरच्या बांधीत पाणी येईल का, हा प्रश्न दरवर्षी नवा. कालवा फुटला किंवा मायनर कोरडा राहिला की लोक पाटबंधारेच्या ऑफिसात जातात. तिथे टेंडर, एमबी, दरसूची, दोष दायित्व असे शब्द ऐकू येतात आणि माणूस गप्प बसतो. पण पाणी कुठे अडले ते याच शब्दांत लिहिलेले असते. म्हणून ही माहिती एका ठिकाणी.

प्रकल्प थोडक्यात

वैनगंगेवरील गोसीखुर्द (इंदिरासागर) प्रकल्पाचे भूमिपूजन 22 एप्रिल 1988 रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. धरणाची लांबी 11 किलोमीटरच्या वर असून 33 दरवाजे आहेत. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांत मिळून 2 लाख 50 हजार 800 हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट आहे. डावा कालवा सुमारे 23 किलोमीटरचा. उजवा कालवा 99 किलोमीटरचा असून तो चंद्रपूर जिल्ह्यातील आसोलामेंढा तलावाला जोडला आहे. शिवाय टेकेपार, आंभोरा, नेरला आणि मोखाबर्डी या उपसा सिंचन योजना आहेत. काम विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहे. 2009 मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला.

1983 च्या मंजुरीत खर्च होता 372 कोटी 22 लाख. 2008 च्या सुधारित मंजुरीत तो 7 हजार 777 कोटी 85 लाख झाला आणि त्यानंतर 18 हजार कोटींच्या वर गेला. महागाई आणि वाढलेला मोबदला ही त्याची कारणे आहेतच, पण काही वाढ टेंडरच्या कलमांतूनही आली. वडनेरे समिती, मेंढेगिरी समिती, डॉ. माधव चितळे यांचे विशेष तपास पथक आणि कॅग यांनी विदर्भातील सिंचन कामांचा खर्च, दर्जा आणि टेंडरची पद्धत तपासली. डिसेंबर 2014 मध्ये प्रकरण लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे चौकशीला गेले.

टेंडरमध्ये काय पाहायचे

आपल्याकडे शासकीय बांधकामाचे टेंडर साधारण तीन नमुन्यांत निघते. बी-1 म्हणजे अंदाजपत्रकाच्या इतके टक्के कमी किंवा जास्त. बी-2 म्हणजे प्रत्येक बाबीचा वेगळा दर. सी म्हणजे पूर्ण कामाची एकठोक रक्कम. अंदाजपत्रक दरसूचीवरून, म्हणजे डीएसआरवरून बनते.

बी-1 मधले कलम 38 ध्यानात ठेवावे. टेंडरमध्ये लिहिलेल्या मापापेक्षा 25 टक्क्यांपर्यंत जास्त काम झाले, तर पैसे टेंडरच्याच दराने मिळतात. त्यापुढच्या मापाला चालू दरसूचीवरून नवा दर लागतो. उदाहरणार्थ, खोदकाम 1,000 घनमीटर धरले आणि निघाले 1,600, तर 1,250 पर्यंत जुना दर आणि उरलेल्या 350 ला नवा. टेंडरमध्ये नसलेली बाब करावी लागली, जसे मुरुमाच्या जागी खडक लागला, तर तिचा दर वेगळा मंजूर होतो. म्हणजे आधीचा सर्व्हे कच्चा असेल, तर खर्च पुढे फुगतच जातो. सर्व्हे नीट झाला का, ही गोष्ट म्हणून टेंडरच्या आधीच विचारली पाहिजे.

अस्तर का उखडते

काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यावर सरळ काँक्रीट टाकले तर ते उचलले जाते. त्यासाठी अस्तराखाली न फुगणाऱ्या मुरुमाचा थर (सीएनएस) देऊन तो थराथराने, पाणी मारून, रोलरने दाबावा लागतो. मागे साचलेले पाणी निघायला छिद्रे ठेवावी लागतात. यातले काही सुटले तर दोन-चार पावसाळ्यांत तडे पडतात, पाणी झिरपते. वरच्या शेतात चिबड आणि खालच्या शेतात कोरड, असे होते.

काम संपल्यावर ठरावीक मुदतीचे दोष दायित्व असते. त्या मुदतीत बिघाड झाला तर ठेकेदाराने आपल्या खर्चाने दुरुस्ती करायची आणि तोवर त्याची सुरक्षा ठेव अडकून राहते. मुदत संपली की तीच दुरुस्ती सरकारच्या पैशाने होते. म्हणून तडा दिसला की तोंडी सांगून भागत नाही. तारखेसह लेखी अर्ज द्यावा, फोटो जोडावा आणि पोच घ्यावी.

जमीन जाते तेव्हा

1 जानेवारी 2014 पासून 2013 चा भूसंपादन कायदा लागू आहे. कलम 11 ची प्राथमिक अधिसूचना, कलम 19 ची घोषणा आणि कलम 23 चा निवाडा, असा क्रम असतो. मोबदला कमी वाटला तर कलम 64 खाली जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करून प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवता येते. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत फक्त सहा आठवडे. वाटाघाटीने थेट खरेदी होत असेल तर सही करण्याआधी विचार करावा, कारण खरेदीखत झाल्यावर कलम 64 चा रस्ता राहत नाही.

मायनर ताब्यात घेण्याआधी

2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानुसार पाणी वापर संस्था स्थापन होते. संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल या तिन्ही ठिकाणचे शेतकरी समान संख्येने असतात. हेडवाल्यांनीच सगळे ठरवू नये, हा त्यामागचा हेतू. मायनर हस्तांतरित होण्याआधी विभाग आणि संस्थेने मिळून पाहणी करायची असते. पाहणी करायची ती पाणी सोडून, आणि ते टेलपर्यंत पोहोचते का ते बघून. कोरड्या मायनरवर फिरून सही केली, तर पुढची डागडुजी संस्थेच्या गळ्यात पडते.

कागद कसे मिळवायचे

माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात अर्ज करता येतो. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे. न मिळाल्यास त्यापुढील 30 दिवसांत पहिले अपील करता येते. अर्जात मोघम लिहू नये. कामाचे नाव, कालव्याची साखळी आणि गाव लिहून पुढील कागद मागावेत :

- मंजूर अंदाजपत्रक आणि टेंडर करारनामा
- मोजमाप पुस्तिका (एमबी) आणि अंतिम बिल
- काँक्रीट आणि मुरूम दाबणीचे चाचणी अहवाल
- काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि दोष दायित्व संपण्याची तारीख
- कलम 38 आणि जादा बाबींची मंजुरी

याच कायद्याच्या कलम 2 मधील व्याख्येनुसार कामाची पाहणी करणे आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे, हाही माहितीच्या अधिकाराचाच भाग आहे. मायनरचे काम चालू असतानाच गावातल्या चार जणांनी मिळून असा अर्ज केला, तर त्याचा उपयोग जास्त. काँक्रीट ओले आहे तोवर चूक सुधारते, वाळल्यावर नुसती चौकशी होते.